कन्नड गोत्तिल्ला, पण वसईत मराठीच बोला!

बंगळुरात राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला कन्नडमधले दोन शब्द हमखास येतात. 'कन्नड गोत्तिल्ला'. म्हणजे कन्नड येत नाही. गंमत बघा, एखादी भाषा येत नाही हे त्याच भाषेत सांगण्यापुरती ती शिकायची आणि मग तिथेच गाडी न्यूट्रलला टाकायची. सहा-सहा, आठ-आठ वर्षं!

आमच्या टीममध्ये आम्ही पाच मराठी आहोत. एक डोंबिवलीचा, एक नाशिकचा, दोघे नागपूरकडचे आणि मी माणिकपूरचा. दुपारी जेवायला एकत्र बसतो आणि जेवताना तीनच विषय असतात. ऑनसाइट कुणाला मिळालं, सिल्क बोर्डला आज किती वेळ अडकलो, आणि 'इथले लोक'. पहिले दोन विषय पाच मिनिटांत संपतात. तिसरा संपतच नाही. इथला रिक्षावाला मुद्दाम कन्नडमध्ये बोलतो. घरमालकाला हिंदी कळतं, तरी उत्तर कन्नडमध्येच देतो. सोसायटीच्या नोटिशी कन्नडमध्ये. "अरे, आपण काय परदेशात आलोय का?" इति डोंबिवली.

आता २०२५ च्या जून-जुलैतली गोष्ट आठवा. मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, त्याला उत्तर म्हणून ८ जुलैचा मराठी मोर्चा. त्याच सुमारास विरारला एका रिक्षावाल्याला धरून मारलं. त्या आठवड्यात आमच्या टेबलावर हे सगळे व्हिडिओ फिरत होते. आणि टाळ्या पडत होत्या. "बरं झालं. महाराष्ट्रात राहायचं, इथलं खायचं आणि मराठी नको?" हेही इति डोंबिवलीच. एवढं बोलून तो उठला आणि काउंटरवर जाऊन म्हणाला, "भैया, एक कॉफी देना."

मी हसलो नाही. कारण हा एकट्या डोंबिवलीकराचा आजार नाही. आपण बाहेर पडलेल्या सगळ्या मराठी पोरांना तो आहे. आपल्या गावात आपण भूमिपुत्र असतो आणि दुसऱ्याच्या गावात एकदम भारताचे नागरिक होतो. गाडीने सोलापूर सोडलं की अस्मिता उतरते आणि राष्ट्रीय एकात्मता चढते!

माझं म्हणणं सरळ आहे. माणिकपूरवर माझं प्रेम आहे, आणि तिथे येऊन राहणाऱ्याने मराठी शिकावं असं मला मनापासून वाटतं. तर मग मी बंगळुरात कन्नड शिकलंच पाहिजे. यात 'पण' नाही. ज्याला इथे 'पण' घालायचा आहे, त्याने वसईतली मागणी मागे घ्यावी. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं मराठीवर प्रेम वगैरे काही नसतं, त्याला फक्त दोन्हीकडे स्वतःची सोय हवी असते.

आता जरा माणिकपूरबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इथे कुणी विचारलं, कुठला तू? मी म्हणतो वसई. "म्हणजे मुंबईच ना?" नाही हो! मुंबई इंग्लंडच्या राजाला लग्नात मिळाली, १६६१ च्या तहात. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये लढून घेतली. आंदणात आलेलं शहर आणि तोफांपुढे घेतलेलं शहर, फरक आहे की नाही? (हा डायलॉग मी कॉलेजपासून मारतोय, मुंबईकर चिडतात, मजा येते.) वसई रोडला पश्चिमेला उतरायचं, अंबाडी रोड धरायचा, की आलंच माणिकपूर. सेंट मायकलचं जुनं चर्च, बाभोळ्याकडे जाणारा रस्ता, चुळण्याच्या वाड्या, शेअर रिक्षांची रांग. २००९ पर्यंत नवघर-माणिकपूर ही वेगळी नगरपरिषद होती. मग वसई, नालासोपारा, विरार आणि कितीतरी गावं एकत्र करून महापालिका झाली. २०१४ मध्ये जिल्हासुद्धा बदलला, ठाण्याचा पालघर झाला. म्हणजे मी घरातून न हलता माझा पत्ता दोनदा बदलला :-)

पण मी तिथला म्हणजे कितीसा तिथला? आमचे आजोबा कणकवलीकडून लालबागला गिरणीत आले. दोन वर्षं पैसे साठवायचे आणि गावी परत, असा बेत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो आमच्या घरात तरी कधी संपला नाही. बाबांनी नव्वदच्या दशकात खोली विकली आणि माणिकपूरला वन आरके घेतलं. लालबाग, परळ, गिरगाव, दादरमधून त्या काळात हजारो मराठी कुटुंबं अशीच विरार लाईनवर सरकली. आमची बिल्डिंग जिथे उभी राहिली तिथे आधी वाडी होती. मागच्या बाजूला ती थोडी शिल्लक होती, माझ्या लहानपणी. केळी, अळू, पडवळाचा मांडव, एक विहीर. वाडीवाल्या मावशी सकाळी भाजीची टोपली घेऊन लोकलने दादरला जायच्या. त्यांचं घर कॅथलिक, घरातली बोली सामवेदी, आणि आमच्याशी बोलताना स्वच्छ मराठी.

त्यांच्या नजरेने बघा जरा. त्यांच्या लेखी आम्ही कोण होतो? 'बिल्डिंगवाले'. बाहेरून आलेले. आमच्यासाठी वाड्या गेल्या, आमच्यासाठी भराव पडले. आमच्या टाकीत पडणारं टँकरचं पाणी कुठून यायचं, तर गावागावांतल्या विहिरी उपसून. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई संरक्षण समितीने रस्त्यावर उतरून आंदोलन केलं. आज आपण दिब्रिटोंना साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो (उस्मानाबाद, जानेवारी २०२०), 'सुबोध बायबल'चे अनुवादक म्हणून ओळखतो. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. पण त्या माणसाचं भांडण मुळात आमच्यासारख्यांसाठी बांधणाऱ्या बिल्डरशीच होतं, हे किती जणांच्या लक्षात होतं कुणास ठाऊक.

महापालिका झाली तेव्हा 'आमची गावं वगळा' म्हणून तालुका पेटला होता. विवेक पंडित त्याच मुद्द्यावर २००९ ची विधानसभा जिंकले. मी शाळेत होतो. वर्गातली निम्मी मुलं गावातली आणि निम्मी बिल्डिंगमधली. डबा एकत्र खायचो आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना 'तुमचे लोक' म्हणायचो. तेव्हा मला कळायचं नाही की भाषा एकच, तरी एवढं भांडण कशासाठी. आता कळतं. भांडण भाषेचं नव्हतंच, आपल्या डोळ्यांदेखत आपलं गाव दुसऱ्या कुणाचं तरी होतंय याचं होतं. भाषा ही फक्त दिसायला सोपी खूण असते.

आणि म्हणून बंगळुरात आल्यावर मला पहिल्यांदा जे दिसलं ते ओळखीचंच होतं. मी राहतो ते ठिकाण सर्जापूर रोडला. घरमालक मूळचे इथलेच शेतकरी. ज्या जागी आज पाच मजली पीजी आहे तिथे रागी व्हायची. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालत होतो तेव्हा त्यांनी बोट दाखवून विहीर कुठे होती ते सांगितलं. तिथे आता एका ॲपवाल्या किराणा कंपनीचं गोदाम आहे. त्यांचा स्वर अगदी वाडीवाल्या मावशींचा होता. तो राग नव्हता. तुला काय सांगून कळणार, असा तो स्वर असतो.

आमच्या टेबलावरच्या पोरांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "अरे, पण त्यांना भाडं मिळतंय की! आपल्यामुळे त्यांच्या जमिनीला भाव आला." बरोबर. वसईतला परप्रांतीयही हेच म्हणतो की हो! आमच्यामुळे तुमची दुकानं चालतात, तुमच्या चाळी भरतात. तेव्हा मात्र तुम्हाला ते उद्धटपणाचं वाटतं.

आता नेहमीचे युक्तिवाद घेऊ. तीन आहेत, आणि तीनही मी इतक्यांदा ऐकलेत की पाठ झालेत.

पहिला. "हिंदी राष्ट्रभाषा आहे." नाही, राष्ट्रभाषा नाही. संविधानात राष्ट्रभाषा असा शब्द कुठल्याच भाषेला लावलेला नाही. कलम ३४३ मध्ये हिंदी आहे ती केंद्र सरकारच्या कारभाराची भाषा म्हणून. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यात मराठी आहे तशी कन्नड आहे. आणि कमाल म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला तेव्हा हीच मंडळी हे कलम ३४३ मला फॉरवर्ड करत होती. २९ जूनला सरकारने जीआर मागे घेतला तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते. मग तेच कलम कृष्णराजपुरम स्टेशनला उतरलं की बदलतं का?

दुसरा. "मी काय इथे कायमचा थोडाच आहे?" माझ्या आजोबांचं वाक्य. लालबागला आल्यावर त्यांनी हेच म्हटलं असणार. दोन वर्षांची तीस वर्षं होतात. आणि समजा नसाल कायमचे, तीन वर्षांनी हैदराबादला किंवा टोरांटोला जाणार असाल, तरी तीन वर्षं रोज ज्याच्याकडून इडली घेता त्याला 'किती झाले' हे त्याच्या भाषेत विचारायला काय हरकत आहे? 'एष्टु?' एवढाच शब्द आहे. जर्मनीचा प्रोजेक्ट मिळाला तर हेच लोक दुसऱ्या दिवशी ए-वनच्या क्लासला नाव घालतात, फी भरून! तिथे कुणी म्हणत नाही की मी कायमचा थोडाच आहे. म्हणजे अडचण वेळेची नाही. जर्मनमुळे सीव्ही वजनदार होतो आणि कन्नडमुळे नाही, हा खरा हिशोब आहे. निदान तो मोकळेपणाने मान्य करा.

तिसरा युक्तिवाद मात्र जड आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. बेळगाव. सीमाभागातल्या मराठी माणसावर कन्नडची सक्ती होते, पाट्या बदलल्या जातात, मराठी कागदपत्रांसाठी भांडावं लागतं, आणि तू आम्हाला कन्नड शिक म्हणतोस? माझे एक नातेवाईक खानापूरचे आहेत, त्यामुळे हे मला वर्तमानपत्रातूनच कळतं असं नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याचं घोंगडं भिजतच पडलंय. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बस कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद पडल्या. या प्रश्नात मी मराठी बाजूचाच आहे. पण दोन गोष्टी. एक, त्या दाव्यात प्रतिवादी कर्नाटक सरकार आहे, बीटीएम लेआउटचा रिक्षावाला नाही. त्याच्यावर सूड उगवून निपाणी महाराष्ट्रात येणार नाही. आणि दुसरी, बेळगाव-खानापूरच्या मराठी माणसाला कन्नड येतं. चांगलं येतं. तो मराठीसाठी भांडतो आणि बाजारात कन्नड बोलतो. त्याचं नाव पुढे करून 'म्हणून मी शिकणार नाही' म्हणणारे आपण पुण्या-मुंबई-नागपूरचे आहोत, ज्यांनी सीमाभागासाठी आयुष्यात एक पोस्टकार्ड टाकलेलं नाही.

एक मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि तो कुणी बोलत नाही. शिकण्याची मागणी करायची तर ती आधी कुणाकडे करायची?

माणिकपूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जौनपूरकडचा एक भाजीवाला आहे. तो "ताई, मेथी ताजी हाय, घेऊन टाका" म्हणतो. व्याकरण जरा डगमगतं, पण मराठीच. दोन वर्षांत शिकला, कारण नाही शिकला तर आई शेजारच्या गाडीवर जाते. बंगळुरात माझ्या पीजीचा आचारी ओडिशाचा आहे, सुरक्षारक्षक आसामचा, दोघंही कन्नड बोलतात. मोडकं बोलतात, पण बोलतात. नाही बोलत कोण? आम्ही. वातानुकूलित बस, इंग्रजी ऑफिस, ॲपवरून जेवण, ॲपवरून रिक्षा. सगळ्या शहराला वळसा घालून जगायची सोय पगारातच मिळते. (हा 'पगार' शब्दही बरं का, पोर्तुगीज. वसईवर दोनशे वर्षं राज्य करून गेलेल्यांचा.) म्हणजे शिकायला वेळ, पैसा, डोकं सगळं ज्याच्याकडे आहे तो शिकत नाही आणि बारा तास राबणारा शिकतो. आणि थप्पड कुणाला बसते? रिक्षावाल्याला. दुकानातल्या पोऱ्याला. कधी ऐकलंय का हो, की अंधेरीच्या काचेच्या इमारतीतल्या व्हाइस प्रेसिडेंटला मराठी येत नाही म्हणून कुणी जाब विचारला? वीस वर्षं मुंबईत काढून त्याला 'पाणी' आणि 'चला' एवढंच येतं आणि आपण त्याच्याशी स्वतःहून इंग्रजीत बोलतो. अप्रेझल असतं ना!

म्हणून त्या व्हिडिओंवर टाळ्या वाजवणं मला जमत नाही. मराठी बोला हा आग्रह मला मान्य आहे, पण जो सगळ्यात कमी ताकदीचा दिसतो त्याच्या कानाखाली काढायची याला आग्रह म्हणत नाहीत. आणि ज्या दिवशी बंगळुरात कुणी 'हिंदी का बोललास' म्हणून माझी कॉलर धरेल, त्या दिवशी त्या व्हिडिओला विरारमधून कुणी टाळ्या वाजवू नयेत एवढीच माझी अपेक्षा. २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं आणि उद्योगांनी ओरडा केल्यावर दोन दिवसांत बाजूला ठेवलं. ते दोन दिवस आमचं टेबल गप्प होतं. महाराष्ट्रात ८० टक्के भूमिपुत्र ही घोषणा लहानपणापासून ऐकत आलेली पोरं ती. त्यांना ती आपल्यावरही उलटू शकते हे पहिल्यांदा लक्षात आलं असावं.

बरं, हे शिकणं म्हणजे काही माणिकपूरशी गद्दारी आहे का? आमच्या घरी थोडं तसं वाटतं. पण मराठी माणसाचा इतिहास बघा. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, धारवाडचे, घरात मराठी. माणूस कन्नडचा एवढा मोठा कवी झाला की १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना कन्नडसाठी मिळालं, आणि मराठीतही लिहीतच राहिले. त्याच धारवाडात बसून जी. ए. कुलकर्णींनी मराठी कथा कुठल्या कुठे नेऊन ठेवली. उलट बाजूने बघायचं तर भीमसेन जोशी. गदगचा कानडी मुलगा, पुण्यात राहिला. मराठी अभंग असे गायले की आषाढीला त्यांच्याशिवाय चालत नाही, आणि कन्नड दासांची पदंही शेवटपर्यंत गायले. कुंदगोळच्या गुरूच्या नावाने पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो पुण्याचा अभिमान झाला. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं तेव्हा दोन्ही राज्यांनी 'आमचे' म्हटलं आणि दोन्ही खरं होतं. आणि आणखी मागे जायचं तर ख्रिस्तपुराण लिहिणारा थॉमस स्टीफन्स इंग्रज होता! १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये मराठीत पुराण छापलं. ना ॲप, ना क्लास, ना यूट्यूब.

हे सगळे थोर लोक, आपण कुठे, हे मान्य. पण आपल्याला पुराण लिहायला कुणी सांगतच नाहीये. लाईटबिल वाचता आलं तरी पुरे.

मी रोज रात्री वीस-पंचवीस मिनिटं बसतो. सहा महिने झाले. पहिल्या आठवड्यात कळलं की अर्धं तर घरचंच आहे. तुप्प म्हणजे तूप. अण्णा, अक्का, अप्पा आपलेच. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता तिकडूनच आलेला. विठोबाला ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलंय ते काय उगीच? क्रियापदं डोकं खातात, हे खरं. लिपीत सगळी अक्षरं जिलेबीसारखी दिसतात आणि एक दिवस अचानक बसवरचा बोर्ड वाचता येतो, तो आनंद पहिला प्रोग्राम कम्पाइल झाल्यासारखा असतो. आता घरमालकांची आई, अज्जी, संध्याकाळी पायरीवर बसलेली असते, ती "ऊटा आयता?" विचारते. जेवण झालं का. आधी मी मान हलवून जायचो. आता थांबतो. काय जेवलो ते सांगतो, ती चूक काढते, हसते. मग तिच्या तरुणपणी इथल्या तळ्याचं पाणी प्यायचे ते सांगते. निम्मं कळतं.

आणि निम्मं कळलं की एक विचित्र गोष्ट होते. शहराच्या दुखण्यांत आपणही येतो. २०१८ च्या जुलैमध्ये वसई बुडाली तेव्हा आमच्या माणिकपूरला दोन दिवस वीज नव्हती, दिवाणमान, सनसिटी, चुळणे सगळं पाण्यात, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आणि लोकल बंद. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भराव टाकून पाण्याच्या वाटा बुजवल्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बंगळूर बुडालं, आऊटर रिंग रोडची माणसं ट्रॅक्टरमधून ऑफिसला निघालेली सगळ्या देशाने पाहिली. कारण तेच. तळी आणि त्यांना जोडणारे कालवे बुजवले. माझे सहकारी तेव्हा म्हणाले, काय भिकार शहर आहे! अरे, ज्या ऑफिसात बसून हे म्हणतोयस ते कशावर उभं आहे ते बघ की. वसईच्या नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं. ते धरण पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधलं होतं. बंगळुरात कावेरीचं येतं, शंभर किलोमीटरवरून, पंप लावून वर चढवलेलं, आणि मंड्याचा शेतकरी त्याच पाण्यासाठी रस्त्यावर येतो. दोन्हीकडे नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि दोन्हीकडे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. बंगळुरात तर २०२५ मध्ये जुनी महापालिका मोडून तिच्या पाच केल्या. आमच्या टेबलावर हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना वॉर्ड नंबरही माहीत नव्हता. 'इथले लोक' मात्र पक्के माहीत.

दुसरीकडे, तेच लोक 'आय लव्ह माय वसई'चे फोटो टाकतात. पावसातला किल्ला, सुरुची बीच, नाताळचे गोठे, आगाशीचं भुजिंग. मीही टाकतो, का नाही टाकायचे? पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला इमारत कोसळून १७ माणसं गेली तेव्हा या फोटोवाल्यांपैकी एकानेही आपल्या आई-वडिलांच्या बिल्डिंगचं ऑडिट झालंय का, ओसी आहे का, विचारलं नव्हतं. मी विचारलं. कागद अजून शोधतोय, सोसायटीचे सेक्रेटरी माझा फोन उचलायचं टाळतात. लांबून प्रेम करायचं तर ते असं कटकटीचं असतं. फोटोला फार कष्ट पडत नाहीत.

असो. मागच्या महिन्यात मी मतदार यादीतलं नाव बंगळूरला हलवायचा फॉर्म भरला. २०२४ च्या लोकसभेला माणिकपूरला जाऊन मत दिलं होतं, चोवीस तास उद्यान एक्सप्रेसने जाऊन, आणि त्याचा मला अभिमानही होता. पण माझ्या गल्लीतल्या गटाराचा निर्णय घेणारा माणूस इथे निवडून येणार आणि मी मत तिथे देणार, हे काही पटेना. बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू आता तिकडचाच झालास."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माणिकपूरला नाव कधी हलवलंत?"

"चौऱ्याण्णवला. आल्या आल्या. रेशनकार्ड पाहिजे होतं ना!"

"आणि आजोबा काय म्हणाले होते?"

"त्यांचं काय विचारतोस. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी," ते म्हणाले, आणि मग आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला. आईने विचारलं, डिसेंबरात येणार ना, वाडीवाल्या मावशींच्या नातवाचं लग्न आहे, चर्चमध्ये. तिकीट काढलंय.